कापून पाठवलेला केक

वर्धा, मालगुजारीपुरा
गुरुवार, ९ जानेवारी १९५८

प्रिय भाऊ,

जयभीम. काय घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. शनिवारी, ४ तारखेला, दवाखान्याच्या प्रयोगशाळेतली माझी नेमणूक कायम झाली म्हणून इंगरबाईंनी बंगल्यावर केक केला.

२. संध्याकाळच्या जेवणानंतर तो कापला. टेबलावर आम्ही सात जण होतो. सातही जणांनी खाल्ला. पाऊण केक उरला.

३. रविवारी सकाळी मी कामावर असताना इंगरबाईंनी उरलेला केक पत्र्याच्या डब्यात घातला, मोटारस्टँडवर नेला आणि केळझरला बाबांकडे द्यायला तानबा ड्रायव्हरच्या हवाली केला. मला आधी विचारलं नव्हतं. संध्याकाळी सांगितलं.

४. काल, बुधवारी, तानबानं डबा परत आणून दिला. आत केक तेवढाच होता. मुंग्या होत्या.

५. चिठ्ठी नव्हती. मी विचारलं तेव्हा तानबा "रामाजी नको म्हनले" एवढं बोलला आणि हसला.

माझ्याकडची माहिती इथे संपते. पुढचं तुला ठाऊक असणार.

मागे घरी आले तेव्हा आईनं विचारलं होतं, ही माणसं कोण आणि खातात काय. मी टाळलं होतं. आता लिहिते, तिला वाचून दाखव. बंगला एका कापूस व्यापाऱ्याचा आहे, साठ-सत्तर वर्षांचा जुना. जाड भिंती, उंच ओटा, समोर पानठेला. खेड्यातलं काम शिकायला आलेले परदेशी लोक इथे भाड्यानं राहतात. इंगरबाई डेन्मार्कच्या, आमच्याच दवाखान्यात नर्स आहेत. त्यांच्यामुळे मला मागची खोली मिळाली. ओकादा नावाचे जपानी शेतकरी आहेत, एक स्विस इंजिनिअर, एक अमेरिकन जोडपं आणि एक इंग्रज शिक्षिका. रोजचा स्वयंपाक सदाशिवराव करतात. शनिवारी मात्र एकेका देशाचं जेवण असतं आणि ज्याचा देश त्यानं रांधायचं. स्विस शनिवार म्हणजे उकडलेले बटाटे आणि वर विरघळलेलं चीज. ओकादांच्या शनिवारी भात गोळा होईपर्यंत शिजतो, आणि सदाशिवराव दारात उभे राहून "चांगल्या तांदळाची लापशी केली" म्हणतात. पानठेलेवाला रस्त्यावरून विचारतो, "आज कोन्या देशाचा वास सुटला, बाई?"

माझा शनिवार अजून झालेला नाही. तीनदा विचारणा झाली. तिन्ही वेळा मी कामाचं कारण सांगितलं.

मी बौद्ध आहे एवढं यांना माहीत आहे. ओकादांना त्याचा फार आनंद. त्यांनी विचारलं, तुमच्या घरी पूर्वजांपासून चालत आलेलं सणाचं बौद्ध पक्वान्न कोणतं? आपला धर्म पंधरा महिन्यांचा आहे, हे मी सांगितलं नाही. त्याआधी आपण कोण होतो हेही सांगितलं नाही. कोणी विचारलं नव्हतं.

डबा परत आल्यावर इंगरबाई मुंग्या झटकत बसल्या होत्या. त्यांचा तर्क असा की बौद्ध लोक अंडी खात नसावेत. ओकादा म्हणाले, काही खातात, काही खात नाहीत. तेवढं पुरलं. आता त्या अंड्यांशिवाय केक करणार. त्यांची भट्टी रॉकेलच्या डब्याची आहे. तिचं तापमान मी एकदा मोजून दिलं होतं, ते दोन्ही बाजूंना सारखं नसतं. म्हणून आतून शिजला का ते पाहायला त्या एक फोड कापून खातात. तशी फोड खाऊन उरलेला केक घेऊन त्या या वेळी स्वतः तिकडे येणार म्हणतात.

बाबांनी डबा का परत केला याचा मला अंदाज आहे. अंदाज मी लिहीत नाही. तू लिही.

कमला

*

केळझर
सोमवार, १३ जानेवारी

प्रिय कमल,

जयभीम. तुझं पत्र आहे का पंचनामा? आई म्हणते, "पोट्टीनं मी बरी आहे, एवढंबी लिहिलं नाई." तर आधी ते लिहीत जा.

आता माझं ऐक. मी आकडे घालणार नाही. शाळेत दिवसभर तेच करतो.

तानब्यानं मोटार फाट्यावर उभी केली. पंधरावीस लोक होते. बाबा तुरीचा भारा घेऊन उभे होते. तानब्यानं डबा वर धरला अन् बोंबलला, "रामाजी हो, साहेब लोकाइच्या टेबलावरचं उरलं-सुरलं आलं. पोरीनं धाडलं, घ्या." अण्णाजी पाटील तिथंच बिडी ओढून राह्यले होते. ते म्हणतात, "चाला, आमच्या घरचं बंद केलं, आता इलायती सुरू झालं." सगळे हसले.

बाबांनी तिथंच झाकण काढलं. केक कापलेला. त्यांनी झाकण लावलं, डबा घरी आणला, दारापुढच्या छपरीत टांगला. कोणी हात लावला नाही. मंगळवारी वस्तीची बैठक झाली. डबा मधात ठेवला होता.

नियम तुला ठाऊक आहे, बाबांनीच केलेला. नागपूरहून दीक्षा घेऊन आले त्याच आठवड्यात केला. उष्टं घ्यायचं नाही, शिळं घ्यायचं नाही, कोणाच्या पंगतीचं उरलेलं वस्तीत आणायचं नाही. आणील त्यानं बैठक सांगेपर्यंत वेगळं जेवायचं. मागच्या उन्हाळ्यात अण्णाजीच्या पोरीच्या लग्नातून जिजाबाईनं पदराखाली भात अन् बुंदी आणली. म्हातारी एकटी, तेव्हा काम नव्हतं. तरी बाबांनी तिला दोन महिने वेगळं बसवलं. कोणी मधात बोललं नाही. मीही नाही.

तीच जिजाबाई बैठकीत उठली. म्हणाली, "काऊन गा रामाजी, मी त भुकेपायी आनलं होतं. तुही पोट्टी त पगारदार हाय. तिले कोनती भूक लागली?"

बाबांनी डबा उचलला अन् सकाळी तानब्याला परत दिला. त्या दिवसापासून ते छपरीत वेगळे जेवतात. कोणी शिक्षा दिली नाही, स्वतःच घेतली. आई ताट नेऊन ठेवते अन् पाठ फिरवून बसते. दोघं बोलत नाहीत. घरात एवढी शांतता मी परीक्षेच्या वर्गातही पाहिली नाही.

आता उपाय. तू मला वेगळ्या कागदावर एवढंच लिही की केक अख्खा होता, वाटेत तानब्यानं फोड काढून खाल्ली. लोक आनंदानं मानतील. त्यानं आर्वीहून आलेले कोणाचे तरी लाडू खाल्ले होते, ते सगळ्यांना माहीत आहे. मी कागद बैठकीत वाचतो. बाबा घरात येऊन जेवतील. डबा तुला ठाऊक नव्हता, हे लिहून भागणार नाही. लोक म्हणतील, बापाची पोरगी बापाला वाचवून राह्यली.

अन् त्या बाईला इकडं येऊ देऊ नको.

तुझा भाऊ,
भैयाजी

*

वर्धा
गुरुवार, १६ जानेवारी

प्रिय भाऊ,

जयभीम. मी बरी आहे.

तो कागद मी लिहिणार नाही. तानबा फाट्यावर जे ओरडला ते वाईट होतं, पण केक त्यानं खाल्लेला नाही. डबा मीच उघडून पाहिला. कापलेल्या कडा सरळ आहेत, सुरीच्या आहेत. मोटारीच्या मालकाच्या कानावर गेलं तर तानबाची नोकरी जाईल.

इंगरबाईंना मी थांबवलं आहे. केळझरचा रस्ता सध्या खराब आहे, असं सांगितलं. रस्ता चांगला आहे. हे खोटं झालं, पण यानं कोणाची नोकरी जात नाही.

आता केकबद्दल. मी इंगरबाईंना विचारलं, कारण न सांगता, की तुमच्याकडे कापलेला केक दुसऱ्याच्या घरी पाठवतात का. त्यांना प्रश्नच कळला नाही. म्हणाल्या, आनंदाचा केक आहे, मग तो कापलेला असणारच. अख्खा पाठवला तर तो दुकानातून आणल्यासारखा होईल. सगळ्यांनी एकातूनच खाल्लं पाहिजे. तुझे आईवडील टेबलावर असते तर त्यांनीही खाल्ला असता, ते नव्हते म्हणून त्यांचा वाटा पाठवला.

म्हणजे त्यांनी वाटा पाठवला आणि तिकडे उरलेलं पोचलं. मधे वीस मैल.

आणखी एक गोष्ट बाबांना सांग. केक सुरीनं कापला. कोणाचं तोंड त्याला लागलेलं नाही. पहिला तुकडा मला दिला, मग बाकीच्यांना. उष्टं म्हणायचंच तर ते सगळ्यांत आधी माझं आहे. मुलीचं उष्टं बापाला चालतं की नाही, हे बैठकीत विचार. मी थट्टा करत नाही.

जिजाबाईंचा प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचला. मला भूक नव्हती, हे खरं आहे.

काल रक्ताच्या काचा तपासताना माझा आकडा दोनदा चुकला. मी सहसा चुकत नाही. खोलीत बसवत नाही म्हणून मी संध्याकाळी स्टेशनपर्यंत जाऊन येते. मग तिथेही थांबवत नाही. बाबा छपरीत जेवत असतील आणि मी इथे सहा परदेशी लोकांबरोबर खुर्चीवर बसून जेवते. इंगरबाई विचारतात, जेवण आवडलं नाही का? मी म्हणते, आवडलं.

बाबा घरात आले का ते लिही.

कमला

*

केळझर
सोमवार, २० जानेवारी

प्रिय कमल,

जयभीम. तुझं पत्र बाबांना वाचून दाखवलं. तानब्यावर ढकलायची युक्ती माझी होती, हे तुझ्या पत्रातूनच त्यांना कळलं. मला म्हणाले, "तू मास्तर हायस. पोट्ट्याइले हेच शिकवतं काय?" पुढच्या वेळी असं काही वगळून वाचायची अक्कल मला यायला पाहिजे.

मग उष्ट्याचं वाचलं. बाबा तुरीच्या शेंगा सोलत होते. म्हणाले, "पोरीचं उष्टं बाप खाते. घरात खाते. ते मोटारीवर चढून चौकात येत नाई."

मी म्हटलं, "बाबा, बाई म्हणते तो वाटा होता."

"वाटा होता त वाटेकरी म्हनून येऊन द्यावं. त्या बाईले लिही, आमच्या घरी ये. अख्खं आन. आधी आमच्या पंगतीत खाली बसून भाकर खा, मंग आमच्या समोर काप. तवा आमी तुहं खाऊ. डबा पाठवू नको."

हे त्यांनी बैठकीतही सांगितलं. वस्तीला पटलं. पोट्टे तर आतापासून विचारतात, गोरी बाई मिरची खाते काय. परवापासून बाबा घरात जेवायला बसले. तेव्हा तू निश्चिंत राहा.

आता आई सांगते ते जसंच्या तसं लिहितो: "कमल, त्या बाईले तुरीच्या सोल्याची भाजी चालन काय? सोले आत्ता कवळे हायत, मंग निब्बर होतीन. ते खाली बसते काय? टांगा लंब्या असतीन तिच्या. पाट देऊ का पोतं देऊ? तुहा बाप बोलून राह्यला आता. लय बोलते. थोडं कमी बोललं तरी चालन. अन् तू वाळली असशीन, मले दिसते."

दोन गोष्टी माझ्याकडून. एक, बाई येण्याआधी आपण कोण ते तिला सांगून टाक. नाही तर फाट्यावर उतरल्या उतरल्या अण्णाजी सांगतील, त्यांच्या पद्धतीनं. तुझ्या तोंडून ऐकलेलं बरं.

दुसरी, जिजाबाईचं काही मनावर घेऊ नको. बाबांना भर बैठकीत तोंडावर बोलली म्हणून वस्तीनं तिला पुन्हा बाहेर ठेवलं आहे. पंगतीच्या दिवशी तिचं पान अंगणात वेगळं वाढू. उपाशी राहणार नाही.

कधी येता ते कळव.

भैयाजी

*

वर्धा
सोमवार, २७ जानेवारी

प्रिय भाऊ,

जयभीम. परवाचा शनिवार माझा होता. मी स्वतः मागून घेतला.

ज्वारीच्या भाकरी, सोल्यांची भाजी आणि ठेचा केला. सदाशिवराव म्हणाले, "बाई, भाकर त झकास थापता. कोन्या गावच्या?" मी केळझर म्हटलं. ते म्हणाले, "हं, गणपतीचं गाव." मी पुढची भाकरी थापायला घेतली.

टेबलावर सांगितलं. उभी राहून नाही, भाकरी मोडता मोडता. आपण कोण होतो, गावात आपलं काम काय होतं, पंगती उठल्यावर आपल्याला काय मिळत असे, आणि दीक्षा घेतल्यावर बाबांनी कोणता नियम केला. मग डबा का परत आला ते. बहुधा पाच मिनिटं लागली असतील. या वेळी मी घड्याळ पाहिलं नाही.

अमेरिकन बाई रडल्या. मला उठून त्यांना पाणी द्यावं लागलं. इंग्रज शिक्षिकेनं विचारलं, हे मी माझ्या गावच्या वर्तमानपत्राला लिहू का? मी नाही म्हटलं. ओकादा म्हणाले, त्यांच्या गावातही नदीपलीकडे अशी एक वस्ती आहे. तिथे ते कधी जेवलेले नाहीत. त्यानंतर त्यांनी आणखी एक भाकरी मागून घेतली आणि कोरडीच खाल्ली.

इंगरबाई शेवटी बोलल्या. मला वाटलं माफी मागतील. त्या म्हणाल्या, "मग न कापता तो आतून शिजला की नाही, हे मला कसं कळणार?" मी सांगितलं, लांब सुई टोचून पाहायची, कोरडी निघाली तर शिजला. सुई टोचल्यानं अख्खा केक अख्खाच राहतो, असं मी धरून चालले आहे. बाबांना विचारून घे.

आता जे बदललं ते. टेबलावर मला सगळ्यांच्या आधी वाढतात. पूर्वी ज्याचा हात आधी पोचेल तो घेई. मी भांडं पुढे सरकवते, ते परत माझ्याकडे येतं. सदाशिवराव काल आले नाहीत. आज आले. माझा चहा त्यांनी ओट्यावर ठेवला आणि मागे सरकले. शनिवारपर्यंत हातात देत असत. मी कप उचलला आणि प्यायले. इंगरबाईंना सांगितलं नाही. पण इथे फार दिवस राहणं होईल असं वाटत नाही. दुसरी खोली कुठे मिळेल, तेही ठाऊक नाही.

त्या कपासमोर उभी असताना तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला आठवलं. जिजाबाईंचं पान अंगणात वेगळं वाढू.

इंगरबाईंना नियम माहीत नव्हता, म्हणून त्यांना सूट. मला डबा माहीत नव्हता, म्हणून मला सूट. बाबांनी स्वतःच शिक्षा घेतली आणि ते घरात आले. राहिल्या जिजाबाई. त्यांना भूक होती, ही सूट होत नाही. आणि भर बैठकीत त्यांनी प्रश्न विचारला, तो बरोबर होता. कोणाला उत्तर देता आलं नाही, म्हणून त्यांनाच बाहेर ठेवलं.

नियमाबद्दल मला काही म्हणायचं नाही. बाबांनी तो केला तेव्हा मी नागपूरला शिकत होते आणि वसतिगृहात कोणाला न सांगता मला अभिमान वाटला होता. अजून वाटतो. उरलेलं घेऊ नये हे बरोबरच आहे. पण माणसाचं ताट वेगळं ठेवायची शिक्षा आपण शोधून काढलेली नाही. ती आपल्याला कोणी दिली होती, हे बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. हे वाक्य वगळू नको. वाचून दाखव.

इंगरबाईंची तयारी आहे. आईला सांग, त्या खाली बसतात, पाट नको, मिरची मात्र बेतानं. रविवारी, ९ फेब्रुवारीला, आम्ही दोघी सकाळच्या मोटारीनं निघू शकतो. केक अख्खा असेल.

पण जिजाबाई त्याच पंगतीत, बाबांच्या शेजारी बसणार असतील तरच मी येईन. अंगणात नाही, मागाहून नाही. त्या बसणार नसतील तर मी येणार नाही आणि इंगरबाईंना एकटं पाठवणार नाही. का, ते त्या विचारतील. रस्ता खराब आहे, हे मी पुन्हा सांगणार नाही. परवा टेबलावर मी बाबांबद्दल जे सांगितलं, ते सांगताना माझी मान वर होती. जिजाबाईंचं हे दुसरं सांगायची वेळ माझ्यावर येऊ नये, असं मला वाटतं.

तुझं मत मला नको, तुझं मत तू बैठकीत सांग. मागच्या उन्हाळ्यात सांगितलं नव्हतंस.

मला बाबांचं उत्तर हवं. हो किंवा नाही, एका शब्दात चालेल. ते बुधवार, ५ फेब्रुवारीपर्यंत माझ्या हातात पडेल असं पाठव.

कमला